वळणवाडीचा रिव्हर्स गिअर

वळणवाडी बुद्रुक नावाचं गाव कुठल्याही नकाशात नाही. तरीसुद्धा तिथे जायला भोसरीहून बस कधी सुटते, असं विचारणारे फोन मला पंधराएक वर्षं येत होते. एका गृहस्थांना तर तिथे दोन गुंठे जागा घ्यायची होती. "गाव अजून शांत दिसतंय, रेट चढायच्या आत बघू म्हटलं," असं ते म्हणाले. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. हे गाव मी दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लिहिते आणि रविवारी सकाळी दहाला रेडिओवर वाचते. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे एनए झालेलं नाही."

आमचं रेडिओ केंद्र एका शिक्षणसंस्थेच्या इमारतीमागे, सायकल स्टँडच्या टोकाला होतं. सामुदायिक रेडिओ म्हणतात त्याला. मोठी केंद्रं राज्यभर ऐकू जातात, आमचं आसपासच्या वस्त्यांपुरतं. हवा चांगली असली तर मोशी-चऱ्होलीपर्यंत, नसली तर आमच्याच वॉचमनच्या केबिनपर्यंत. कायमचा स्टाफ दोन माणसांचा, मी आणि ध्वनिमुद्रण बघणारे इरफानभाई. बाकी पाहुणे येऊन बोलून जायचे. कुणी मधुमेहावर, कुणी दहावीच्या गणितावर, कुणी पाठदुखीवर. वळणवाडीच्या गोष्टी मात्र माझ्या एकटीच्या. सरपंच, पोस्टमन, भांडकुदळ जावा, म्हैस सोडून सगळ्यांचे आवाज मीच काढायचे. म्हैस इरफानभाई काढायचे. एका निवृत्त जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा फोन करून कळवलं होतं, की तुमच्या म्हशीला सर्दी झालेली आहे, वेळीच लक्ष द्या.

बाहेरच्यांना वाटतं, रेडिओवर वाचणं म्हणजे काय, कागद घ्यायचा आणि वाचायचा. पण माइक सगळं ऐकतो. त्याला बांगड्या ऐकू येतात, म्हणून त्या काढून ठेवायच्या. कागदाची सळसळ ऐकू येते, म्हणून पानं टाचायची नाहीत, वाचून झालेलं पान हळूच बाजूला सरकवायचं. उपाशी बसायचं नाही. एकदा मी तशी बसले आणि माझं पोट गुरगुरलं, तर एका बाईंनी पत्रातून विचारलं, की वळणवाडीत वीज कुठे पडली ते शेवटपर्यंत सांगितलंच नाहीत. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, समोर कुणी हसत नाही. काचेपलीकडे एकटे इरफानभाई. ते तिथे कधी हसले नाहीत. फार आवडलं तर चष्मा काढून पुसायचे. मी त्या चष्म्यावर नजर ठेवून पंधरा वर्षं विनोद केला.

ऐकणारे मात्र हसत होते, हे नंतर कळायचं. भोसरीतल्या एका मेसवाल्या बाईंची तक्रार होती, की रविवारी सव्वादहाला त्यांच्या चपात्या हमखास करपतात.

लोक विचारायचे, मॅडम, तुमचं गाव कुठलं? एवढं बारीक कसं माहीत? खरं तर मी खेड्यात सलग एक आठवडाही राहिलेली नाही. जन्म पिंपरीचा, वाढले कामगार वस्तीत. वडील कंपनीत फिटर होते, मूळचे धाराशिवकडचे. आमच्या घरात बुद्धमूर्तीशेजारी रेडिओ असायचा आणि शिफ्टहून आल्यावर चहा होईपर्यंत वडील तो ऐकायचे. गोष्टींचा कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून म्हणायचे, "आता आमच्या गावची ऐका." मग गावातल्या एकेक नमुन्याच्या गमती. आम्ही भावंडं पोट धरून लोळायचो. कॉलेजात असताना मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर त्या गावी गेले. तेव्हा कळलं, की आमचं घर गावात नव्हतंच, गावाबाहेर होतं, आणि आमची विहीरही वेगळी होती. परत येताना एसटीत मी विचारलं, "हे कधी सांगितलं नाहीत?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता का?"

म्हणून वळणवाडी वसवताना मी विहीर एकच ठेवली, आणि तिच्यावर भांडायचा हक्क सगळ्यांना सारखा दिला.

आता पांडूतात्याबद्दल सांगते. माझी नोकरी जाता जाता राहिली, ती त्याच्यामुळे.

पांडूतात्या हा वळणवाडीतला शेतकरी. जमीन रस्त्यात गेली, तशी त्यानं मोठी पांढरी गाडी घेतली. गाडी पुढे उत्तम चालवायचा, फक्त मागे घेता यायची नाही. रिव्हर्स टाकला की त्याला घाम फुटायचा. त्यामुळे घरातून निघाला की गाडी वळवायला ऐसपैस जागा मिळेपर्यंत त्याला पुढे पुढे जात राहावं लागायचं. एकदा बायकोनं कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला सांगितली, तर तात्या दोन तासांनी आळंदीचं दर्शन घेऊन परत आला. "कोथिंबीर?" बायकोनं विचारलं. "प्रसाद आनलाय," तात्या म्हणाला. तात्याला ही धास्ती का बसली, तेही मी सांगितलं होतं. गाडी नवीकोरी असताना त्यानं ती मागे घेतली आणि सख्ख्या भावाच्या नव्या घराची कुंपणभिंत पाडली, तीही ऐन वास्तुशांतीच्या पंगतीत. एक वीट उडून थेट जावयाच्या पानात पडली.

तात्या तुफान चालला. आठ रविवार मी त्याला गावोगाव फिरवला. इरफानभाईंचा चष्मा एवढा स्वच्छ कधीच नव्हता.

आठव्या रविवारनंतरच्या सोमवारी, अकराच्या सुमारास, सायकल स्टँड आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या बोळातून एक मोठी पांढरी गाडी सरळ आमच्या पायरीपर्यंत आली. तो बोळ आमच्याच दारात संपतो. गाडीतून साठीच्या पुढचे, टोपी आणि पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ उतरले.

"वळणवाडीची बाई कोन?"

"मीच. या, बसा ना."

"बसाया न्हाई आलो. मी मारुती, चऱ्होलीचा. आठ दिस न्हाई, आठ आठवडं झालं, गावात मला मारुतीआबा म्हननारं कुनी उरलं न्हाई. रिव्हर्स म्हनत्यात. नातीला शाळेत इचारत्यात, रिव्हर्सची नात का तू?"

मी ठेवणीतला आवाज काढला. "आबा, ते सगळं काल्पनिक असतं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आम्ही तसं सांगतो पण."

"काल्पनिक? गाडी पांढरी. भिंत भावाची. वास्तुशांतीचा दिस. ह्ये काल्पनिक?"

"योगायोग असू शकतो."

"वीट योगायोगानं जावयाच्या पानात पडंल व्हय?"

इरफानभाईंनी चहा पुढे केला, तो आबांनी घेतला नाही. खिशातून तक्रारीच्या दोन प्रती काढल्या. एक संस्थेच्या सचिवांसाठी, ती टेबलावर ठेवली; दुसरी रेडिओचा परवाना देणाऱ्या दिल्लीच्या खात्याला पाठवायची. "येत्या रविवारी माफी मागायची," ते म्हणाले, "न्हाईतर ह्यो दुसरा कागद दिल्लीला जातोय." आणि तरातरा बाहेर जाऊन गाडीत बसले.

आम्ही खिडकीतून बघत होतो. गाडी सुरू झाली. मग बंद झाली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद. मग बराच वेळ काहीच झालं नाही. शेवटी इरफानभाई बाहेर गेले.

"आबा, काही मदत?"

"न्हाई. मी थांबलोय जरा."

"कुणासाठी?"

"गर्दी कमी व्हायची."

बोळात एक मांजर होतं. तेही झोपलेलं.

इरफानभाई पंचवीस वर्षं मशिनशी आणि माणसांशी जपून वागलेले. त्यांनी फक्त हात पुढे केला, आबांनी किल्ली दिली. इरफानभाई गाडी मागे घेत होते आणि आबा तिच्यापुढे, गाडीकडे तोंड करून, वरात चालवावी तसे संथ चालत होते. फाटकाशी गाडी ताब्यात घेताना ते म्हणाले, "ह्ये रेडिओवर येता कामा न्हाई."

"नाही येणार," इरफानभाई म्हणाले.

आणि मी, खिडकीत उभी राहून, ते मांजरासकट वहीत उतरवलं होतं. हे आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

खरी लाज आणखी वेगळीच होती. काल्पनिक हे साफ खोटं होतं. दोनेक महिन्यांपूर्वी आळंदीत एका आजींच्या ओव्या रेकॉर्ड करायला जात असताना, बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर दोन बायका बोलत होत्या. त्यांतली एक ही सगळी हकीकत हसून हसून सांगत होती. गाडी, भिंत, पंगत, सगळं. मी आनंदानं वही काढली. नंतर नावं बदलली, गाव बदललं. गाडीचा रंग बदलायचा राहिला.

मंगळवारी सचिवसाहेबांनी बोलावून घेतलं. त्यांच्यापुढे तक्रार उघडी होती. "ताई, तुमचा कार्यक्रम घरी आम्हीपण ऐकतो," ते म्हणाले. असं सुरू झालं की पुढे वाईटच असतं. "पण आपल्या लायसन्सचं नूतनीकरण अडकलंय. अशात दिल्लीला तक्रार गेली तर केंद्रच बंद पडेल. रविवारी माफी मागा. नाहीतर वळणवाडी बंद."

माफी मागायला माझी ना नव्हती. पण लिहायला बसल्यावर तिढा कळला. जो माणूस नाहीच, त्याच्यावरून, जो आहे त्याची माफी मागायची कशी? इरफानभाईंनी एक मसुदा केला. 'चऱ्होलीचे मारुतीआबा यांना रिव्हर्स येत नाही, असे आम्ही कधीही म्हटलेले नाही.' हे वाचलं असतं तर ज्या चार घरांना अजून कळलं नव्हतं, त्यांनाही कळलं असतं. मी लिहिलं, 'वळणवाडीतील पात्रांचा कुणाशी संबंध आढळल्यास तो निव्वळ योगायोग.' ते वाचून इरफानभाई एवढंच म्हणाले, "वीट?"

बुधवारी दुपारी एक बाई आल्या. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर डोकावत होत्या. "वळखलं का?" असं त्यांनी विचारलं मात्र, आणि मी ओळखलं. चेहरा मी कधी पाहिला नव्हता. आवाज तोच, बसमधला.

"मी मंगल. मारुतीआबांची मालकीन."

मी खुर्चीतच खाली खाली सरकायला लागले. "मंगलताई, माझं चुकलं. मी मागे बसून... म्हणजे पुढे बसून ऐकत होते, आणि न विचारता..."

"अवो, तुमाला ऐकू जावं म्हनूनच मी बोलत हुते!" त्या म्हणाल्या. "कंडक्टरला तुमी 'आळंदी एक' म्हनला, तवाच वळखलं. म्हनलं, ही तर वळणवाडीची बाई! माझी मैत्रीन सारखी कोपर मारत हुती, अगं हळू बोल, म्होरची ऐकतीय. म्हनलं, ऐकू दे की. तुमी वही काढली तवा मी जरा सावकाश सांगाया लागले, तुमाला लिवता यावं म्हनून."

मला आठवलं. त्या खरंच सावकाश बोलत होत्या. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी लोकांच्या गोष्टी चोरून ऐकते.

"पण का?" मी विचारलं.

मंगलताईंनी शेंगा टेबलावर ठेवल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "चार वर्सं झाली. सख्खं भाऊ हैत, शंभर पावलांवर ऱ्हात्यात, बोलत न्हाईत. थोरल्या सोपानदादांना वाटतंय, ह्यांनी भिंत मुद्दाम पाडली. ह्ये म्हनत्यात, मी कशाला सांगू, त्यानं इचारावं. ते म्हनत्यात, मी कशाला इचारू, त्यानं सांगावं. घरातल्या बाईचं दोघंबी ऐकत न्हाईत. पन रविवारी दहाला दोन्ही घरांत रेडिओ लागतो. तुमचं ऐकत्यात. मला वाटलं, गोष्ट ऐकून हसतील, निवळतील. तर ह्ये कागद घिऊन तुमच्याकडं."

"आता काय करायचं?"

"माफी-बिफी मागू नका. त्यांनाच बोलाया लावा, तुमच्या त्या माइकम्होरं."

"ते येतील?"

"गोष्टीत तुमच्या काय चुका हैत, त्या दुरुस्त करायच्या हैत म्हना. लोकांच्या चुका दुरुस्त कराया ह्ये कुटंबी जात्यात."

त्या गेल्यावर मी फोन लावला. "आबा, रविवारी माफी मागणार आहे. पण तपशील चुकायला नको. ती भिंत पाच फुटी होती ना?"

"पाच?" पलीकडून आवाज चढला. "कोन म्हनतंय पाच? आन् लिवताय काय, थांबा, तुमी लिवू नका कायबी. मीच येतो."

रविवारी ते पावणेदहालाच आले, रिक्षानं. मागोमाग मंगलताई. स्टुडिओत बाहेरचा माणूस पहिल्यांदा बसला की त्याचं काय होतं, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. लाल दिवा लागला, म्हणजे माइक सुरू झाला. गावच्या सभा गाजवलेले पुढारी तिथे आपलं नाव विसरतात. आबांनीही टेबलाची कड घट्ट धरली होती. मी म्हटलं, "माइककडे बघू नका. माझ्याकडे बघा, आणि फक्त मला सांगा."

कार्यक्रम थेट जाणार होता. रेकॉर्ड करून मग ऐकवता आला असता, पण मग सचिवसाहेबांनी आधी ऐकायला मागितला असता. लाल दिवा लागला. मी माफीचा कागद उचलला. आबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि पालथा ठेवला. सळसळ न करता, हे विशेष.

"मी मारुती, चऱ्होलीचा," ते म्हणाले. "पांडूतात्या म्हंजी मीच. बाईंनी लई बरं सांगितलं, पन थोडं चुकलं. ते सांगाया आलोय."

आणि मग त्या माणसानं जी गोष्ट सांगितली, तिच्यापुढे माझे आठ रविवार फिके होते. गाडी येऊन तीनच दिवस झाले होते. शिकवणारा मास्तर रोज एकच धडा द्यायचा. पहिल्या दिवशी क्लच, दुसऱ्या दिवशी गिअर, तिसऱ्या दिवशी वळण. "म्या म्हनलं, मास्तर, मागं कवा जायचं? म्हनला, रिव्हर्स उद्या. आन् दादाची वास्तुशांती आज."

आबांनी गाडी मांडवाशेजारी लावली होती. पाहुण्यांच्या गाड्या आल्या, जागा हवी होती. मोठा भाऊ पंगतीतून ओरडला, गाडी मागं घे.

"समदं पाव्हणं बघाया लागलं. जावई, व्याही, आळंदीची मानसं. दादा म्हनला, घे की, बघतोस काय? आता तितं येत न्हाई म्हनायचं? मोठी गाडी घेतली आन् येत न्हाई? मला लाज वाटली, बाई. म्हनलं, बगू. टाकला रिव्हर्स. गाडी मागं गेली." ते थांबले. मीसुद्धा थांबले. "लई मागं गेली."

काचेपलीकडे मंगलताईंनी तोंडाला पदर लावला होता.

"धुरळा बसल्यावर दादा आला. सगळ्यांम्होरं म्हनला, जळतोस माझ्या घरावर. म्या कायबी बोललो न्हाई. येत न्हाई म्हनन्यापरीस, जळतोय म्हनलेलं बरं वाटलं. तवापासनं त्यो तसंच समजून हाय आन् मी तसंच समजू दिलंय."

इरफानभाईंनी चष्मा काढला. पण या वेळी काच पुसायच्या ऐवजी त्यांनी डोळे पुसले. तेवढ्यात त्यांच्यासमोरचा फोन लुकलुकायला लागला. त्यांनी उचलला, ऐकलं, आणि माझ्याकडे बघून भिंतीवर गाडी आदळल्याची खूण केली. मी मान हलवली. त्यांनी फोन थेट प्रसारणात जोडला.

"बाई, मी सोपान बोलतोय. चऱ्होलीवरनं."

आबा ताठ झाले.

"बोला, सोपानदादा," मी म्हटलं. "मारुतीआबा इथेच आहेत."

"ठावं हाय. त्याला सांगा, भिंत न्हवती पडली. गेटाचा खांब पडला."

"बाई, त्याला सांगा," आबा लगेच म्हणाले, "खांबाला लागून चार फूट भिंत हुती, ती कुटं गेली?"

"दोन फूट!"

"चार! म्या सोता मोजली."

"कवा मोजली?"

"पाडल्यावर!"

"आन् त्याला सांगा, वीट जावयाच्या पानात न्हाई पडली. जिलबीच्या परातीत पडली."

"मग जावयाच्या पानात काय पडलं?"

"जिलबी!"

हे मी दोन्ही बाजूंना सांगायचं काहीच कारण नव्हतं, दोघंही एकमेकांना स्वच्छ ऐकू येत होते. पण "बाई, त्याला सांगा" असल्याशिवाय दोघांचं गाडं फार पुढे सरकत नव्हतं. साडेदहा वाजून गेले. पाठदुखीवर बोलायला आलेले डॉक्टर दारात उभे होते, त्यांना मी हातानं थांबवलं. वेळ मोडणं हा आमच्याकडे मोठा गुन्हा. मी तो आयुष्यात एकदाच केला.

मग सोपानदादा जरा खालच्या आवाजात म्हणाले, "येत न्हाई म्हनायचं की मग."

"तू इचारायचं की," आबा म्हणाले. मध्ये बाई नव्हती.

त्यानंतर कुणीच बोलेना. रेडिओवर चार सेकंद शांतता झाली की लोकांना केंद्र बंद पडलं असं वाटतं, म्हणून शांतता दिसली की ती शब्दांनी बुजवायची, हे आमचं पहिलं शिक्षण. मी गप्प बसले. इरफानभाईही बटणाला हात न लावता बसून राहिले. मेसवाल्या बाईंनी नंतर सांगितलं, की त्यांनी तेवढ्या वेळात रेडिओला दोन चापट्या मारल्या.

"बाई," शेवटी सोपानदादा म्हणाले, "त्याला म्हनावं, दुपारी जेवायला ये. बायकोला घिऊन ये. तुमीबी या." मग म्हणाले, "आन् त्याला म्हनावं, चालत ये."

सोमवारी सचिवसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, "ताई, ही माफी नव्हती." मी म्हटलं, नव्हती. ते म्हणाले, "आमच्याकडे भात लागला काल," आणि तक्रार फाइलमधून काढून माझ्या हातात दिली. वळणवाडी पुढे मी निवृत्त होईपर्यंत चालली. तेव्हापासून एक नियम मात्र पाळला. ऐकलेली गोष्ट वापरायची तर विचारून. विचारलं की माणसं आधी नाहीच म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून आणखी दोन सांगतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारबद्दल. इरफानभाईंच्या गाडीतून आम्ही चौघं चऱ्होलीला निघालो. दोन्ही बाजूंना उंच सोसायट्या उठत होत्या, मध्येच एखादं ज्वारीचं शेत चुकून राहिल्यासारखं. वाटेत मी आबांना म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले. काल्पनिक काही नव्हतं. बसमध्ये ऐकलं होतं कुणाकडून तरी."

"कुनाकडनं?"

मंगलताई खिडकीबाहेर ज्वारी बघत होत्या.

"आठवत नाही," मी म्हणाले. हे दुसरं खोटं. याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

आबांच्या घरापाशी उतरून शेवटची शंभर पावलं आम्ही सगळे चालत गेलो. सोपानदादांच्या बंगल्याला गेट होतं, पण एकाच बाजूला खांब. दुसऱ्या बाजूला पडकी भिंत तशीच, विटा रचून ठेवलेल्या, त्यांवर गवत उगवलेलं. ती दोन फूट होती की चार, हे मी मुद्दाम मोजलं नाही.

ताटं मांडली होती. वांग्याची भाजी, आमटी, ज्वारीची भाकरी. दोघं भाऊ शेजारी बसले आणि एकमेकांकडे बघेनात. अर्धा तास रेडिओवर भांडलेली माणसं समोरासमोर मुकी झाली होती. सोपानदादा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, त्याला इचारा, आमटी तिखट झाली का."

मी आबांना विचारलं, आमटी तिखट झाली का.

"म्हनावं, बरी हाय."

मी सोपानदादांना सांगितलं, बरी आहे. हे असं दोन भाकरी होईपर्यंत चाललं. माझं जेवण राहिलं, पण तेवढं काम मला चांगलं येत होतं. इरफानभाई खाली मान घालून जेवत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते हसताना दिसले, तेही मागून.

शेवटी मलाच राहवेना. मी सोपानदादांना विचारलं, "चार वर्षं झाली, भिंत बांधली का नाहीत?"

"ज्यानं पाडली त्यानं बांधावी, म्हनून," ते म्हणाले.

आबांचा घास हातातच राहिला. त्यांनी मान वळवली आणि चार वर्षांत पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडे बघून विचारलं, "सिमेंट आनलंय का?"

"आनलंय की. तवाच आनलं हुतं, तुझ्यासाठी. जिन्याखाली पडलंय. दगड झालाय त्याचा."

आबा आधी हसले. मग सोपानदादा हसले, मग ठसका लागून त्यांना पाणी द्यावं लागलं. ते आबांनी दिलं. पाणी पिऊन होतंय न होतंय तोच नवं सिमेंट कुठल्या दुकानातून आणायचं, यावरून दोघांची जुंपली. आबा म्हणत होते भोसरी, सोपानदादा म्हणत होते आळंदी, आणि माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं.

मी ताट घेऊन आत गेले. स्वयंपाकघरात मंगलताई आणि सोपानदादांची बायको, दोन्ही जावा, ओट्याला पाठ टेकून खाली बसल्या होत्या आणि बाहेरचं भांडण ऐकत, अगदी सावकाश, भाकरी मोडून जेवत होत्या. मंगलताईंनी सरकून मला जागा करून दिली.